चांगला धंदा एका वहीत, अडकलेला धंदा दुसऱ्या वहीत : विक्रम पंडितांच्या कारकिर्दीतला धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण इन्व्हेस्टमेंट बँकर आणि बिझनेस स्ट्रॅटेजिस्ट या दोन शब्दांची ओळख करून घेतली. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून तेच सगळं इथे सविस्तर लिहितो. वही-पेन जवळ ठेवा. शेवटी गृहपाठ आहे आणि तो खरंच करायचा आहे.

खडवली, टिटवाळा, वासिंद पट्ट्यातल्या आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, टर्नओव्हर दरवर्षी वाढतोय, पण महिनाअखेरीला हातात काही राहत नाही. पैसा जातो कुठे?" आजचा धडा त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. त्यासाठी आपण एका मराठी माणसाची कारकीर्द बघणार आहोत, ज्याच्यासमोर हाच प्रश्न अब्जावधी डॉलरच्या आकारात उभा राहिला होता. त्याचं नाव विक्रम पंडित.

आधी शब्द समजून घेऊ

आपल्याला माहीत असलेली बँक ठेवी घेते आणि कर्ज देते. इन्व्हेस्टमेंट बँकरचं काम वेगळं. कंपनीला भांडवल हवं असेल तर ते शेअर विकून आणायचं की रोखे काढून, कोणाकडून आणायचं, कोणत्या भावाला, हे तो ठरवतो आणि व्यवहार तडीस नेतो. एखादी कंपनी विकायची किंवा विकत घ्यायची असेल तर तिची किंमत काढतो आणि दोन्ही बाजूंना टेबलावर बसवतो. आपल्याकडे आयपीओ आणायचा असेल तर सेबीकडे नोंदणी झालेला मर्चंट बँकर लागतो. तोही याच कुळातला.

स्ट्रॅटेजिस्ट काय करतो? कोणता धंदा करायचा, कोणता नाही आणि हातातला पैसा कुठे लावायचा, हे ठरवतो. ऐकायला सोपं वाटतं. पण 'कोणता नाही' हे ठरवताना भल्याभल्यांचा हात थरथरतो.

नागपूर ते न्यूयॉर्क

विक्रम पंडित यांचा जन्म १९५७ सालचा, नागपूरचा, मराठी कुटुंबातला. शाळेची काही वर्षं मुंबईत, दादरला गेली. सोळाव्या वर्षी ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९७६ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी पदव्युत्तर पदवी. मग गाडी फायनान्सकडे वळली. त्या विषयातली पीएच.डी. १९८६ ची, त्याच विद्यापीठातली. मध्यंतरी त्यांनी इंडियाना विद्यापीठात शिकवलंही.

१९८३ मध्ये ते मॉर्गन स्टॅनले या बड्या इन्व्हेस्टमेंट बँकेत लागले आणि तिथे सुमारे बावीस वर्षं राहिले. शेअर विक्रीच्या कामापासून सुरुवात करून २००० च्या सुमाराला मोठ्या संस्थांबरोबरच्या सगळ्या व्यवहारांच्या विभागात अगदी वरच्या जागी पोचले. २००५ मध्ये वरच्या पदांच्या वाटपात ते मागे पडले आणि त्यांनी नोकरी सोडली.

२००६ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी 'ओल्ड लेन' नावाचा स्वतःचा फंड काढला. २००७ मध्ये सिटीग्रुपने तो सुमारे ८० कोटी डॉलरला विकत घेतला आणि पंडित सिटीत आले. त्याच वर्षी गृहकर्जांच्या रोख्यांमध्ये सिटीला मोठा फटका बसला, नोव्हेंबरमध्ये प्रमुख चार्ल्स प्रिन्स पायउतार झाले आणि ११ डिसेंबर २००७ रोजी पंडित सिटीग्रुपचे सीईओ झाले. २००८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं.

इथपर्यंत सगळं टाळ्या वाजवण्यासारखं. आपल्या कामाचा भाग इथून पुढे सुरू होतो.

सिटीग्रुपचं दुखणं काय होतं?

सिटीग्रुप ही एकच बँक नव्हती. वर्षानुवर्षं विकत घेत घेत जमवलेला तो एक मोठा संसार होता. नेहमीची बँकिंग, क्रेडिट कार्ड, मोठ्या कंपन्यांचे व्यवहार, शेअर दलाली, विमा विकणारी कंपनी, विद्यार्थ्यांना कर्ज देणारी कंपनी, ग्राहक कर्जाची कंपनी, जपानमधली दलाली पेढी, वर गृहकर्जांचे बुडीत चाललेले रोखे. सगळं एकाच छपराखाली आणि एकाच ताळेबंदात.

त्यामुळे झालं काय, की चांगल्या धंद्याची कमाई वाईट धंद्याचं भोक बुजवण्यात जात होती आणि बाहेरच्या माणसाला कळत नव्हतं की नेमकं काय चांगलं आहे नि काय सडलंय. जे कळत नाही त्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. २००८ या एका वर्षात सिटीला २७ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. अमेरिकन सरकारने आधी २५ आणि मग २० अब्ज, असे मिळून ४५ अब्ज डॉलर, म्हणजे ४,५०० कोटी डॉलर बँकेत घातले, शिवाय सुमारे ३०० अब्ज डॉलरच्या मालमत्तेला हमी दिली. तरीही मार्च २००९ मध्ये सिटीचा शेअर काही काळ एक डॉलरच्याही खाली गेला.

पंडितांनी काय केलं? दोन वह्या

१६ जानेवारी २००९ रोजी सिटीने जाहीर केलं की यापुढे कंपनीचे दोन भाग मानले जातील.

पहिला भाग, सिटीकॉर्प : जो धंदा आपला आहे, ज्यात आपण तरबेज आहोत आणि जो पुढे वाढवायचा आहे.

दुसरा भाग, सिटी होल्डिंग्ज : जो धंदा वाढवायचा नाही. विकायचा, वसूल करायचा किंवा हळूहळू संपवायचा.

कंपनी एकच राहिली. पण हिशोब वेगळे, लक्ष्य वेगळं, माणसं वेगळी. पहिल्या भागाच्या माणसांना सांगितलं की वाढ दाखवा. दुसऱ्या भागाच्या माणसांना सांगितलं की आकार कमी करून दाखवा. दर तिमाहीच्या निकालात दोन्ही भागांचे आकडे स्वतंत्र छापले जाऊ लागले.

मग एकेक तुकडा सुटत गेला. स्मिथ बार्नी ही दलाली पेढी मॉर्गन स्टॅनलेबरोबरच्या भागीदारीत गेली. जपानचा निक्को कॉर्डियलचा धंदा विकला. २०१० मध्ये प्रायमेरिका ही विमा विकणारी कंपनी शेअर बाजारात आणून बाहेर काढली. एके काळी या कप्प्यातली मालमत्ता ८०० अब्ज डॉलरच्या वर होती. २०१२ अखेर ती सुमारे १५६ अब्जांवर आली होती.

आपल्या ओळखीची दोन उदाहरणंही देतो. वाटणी जाहीर होण्याआधीच, २००८ च्या शेवटी, सिटीने भारतातली आपली बीपीओ कंपनी टीसीएसला सुमारे ५० कोटी डॉलरला विकली होती. आणि २०१२ मध्ये गृहकर्ज देणाऱ्या एचडीएफसीमधला आपला जवळपास दहा टक्के हिस्सा सुमारे १९० कोटी डॉलरला विकला. आता विचार करा, एचडीएफसी काय वाईट कंपनी होती? मुळीच नाही. पण तो सिटीने स्वतः चालवायचा धंदा नव्हता, आणि तिथे अडकलेलं भांडवल तिला स्वतःच्या ताळेबंदात हवं होतं. म्हणजे दुसऱ्या वहीत फक्त वाईट गोष्टी जात नाहीत. चांगली पण आपल्या मुख्य कामाची नसलेली गोष्टसुद्धा जाते. या वाक्याखाली रेघ मारा.

निकाल काय लागला? डिसेंबर २००९ मध्ये सिटीने सरकारचे २० अब्ज डॉलर परत केले. उरलेल्या २५ अब्जांच्या बदल्यात सरकारला शेअर मिळाले होते. ते सरकारने २०१० च्या डिसेंबरपर्यंत विकले आणि या सगळ्या मदतीवर सरकारलाच सुमारे १२ अब्ज डॉलरचा फायदा झाला. २०१० मध्ये सिटी पुन्हा नफ्यात आली, साधारण साडेदहा अब्ज डॉलर. नफा होईपर्यंत वर्षाला फक्त एक डॉलर पगार घेईन, असं पंडितांनी २००९ मध्ये सांगितलं होतं आणि तसंच केलं.

आता हे खडवलीत आणू

एक नमुना घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, त्या जागी तुम्ही तुमचे घालायचे.

समजा, खडवली स्टेशनजवळ एकाचं हार्डवेअर आणि रंगांचं दुकान आहे. आसपास बंगले, फार्महाऊस, छोट्या इमारतींची कामं निघत असतात, त्यामुळे गिऱ्हाईक बरं आहे. पुढे त्याने कॉन्ट्रॅक्टर लोकांना सिमेंट-सळई उधारीवर पुरवायला सुरुवात केली. मग 'भाडं कशाला द्यायचं' म्हणून हप्त्यावर टेम्पो घेतला. तो चारचौघांत सांगतो, "महिन्याला पंधरा लाखांचा धंदा आहे." खोटं नाही ते. पण आपण वह्या वेगळ्या करून बघू.

दुकान : महिन्याची विक्री ६ लाख. माल, भाडं, कामगार, वीज जाऊन उरतात ७०,००० रुपये.

उधारीचा सप्लाय : महिन्याची विक्री ९ लाख. मार्जिन ४ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये. पण कॉन्ट्रॅक्टर दोन महिन्यांनी पैसे देतात, म्हणजे कायम १८ लाख रुपये बाजारात अडकलेले. ते आले बँकेच्या सीसी खात्यातून, १४ टक्के व्याजाने. महिन्याचं व्याज २१,०००. वसुलीचा माणूस, पेट्रोल, मालातली घट मिळून १२,०००. वर्षाकाठी एखादी सव्वा लाखाच्या आसपासची उधारी बुडते, तिचे महिन्याला धरा १०,०००. ३६ मधून ४३ वजा. तोटा ७,०००.

टेम्पो : हप्ता, ड्रायव्हर, डिझेल, दुरुस्ती मिळून ४५,०००. बाहेरच्या भाड्याचे ३०,००० येतात आणि स्वतःच्या मालाची ने-आण १०,००० ची होते. तोटा ५,०००.

दुकान सत्तर हजार कमावतं आणि घरी अठ्ठावन्न येतात. बरं, ते अठ्ठावन्नही रोख दिसत नाहीत, कारण गल्ल्यातले पैसे सिमेंटच्या पुढच्या गाडीला गेलेले असतात. रंगांच्या नव्या मालाला पैसे नाहीत, म्हणून गिऱ्हाईक कल्याणला जातं. पंधरा लाखांतला साठ टक्के धंदा त्याला गरीब करतोय आणि तो त्याच धंद्याच्या जिवावर स्वतःला मोठा समजतोय. त्यात सीसीला तारण राहतं घर असेल तर? मग प्रश्न महिन्याच्या बारा हजारांचा राहत नाही, डोक्यावरच्या छपराचा होतो.

चार पायऱ्या, सिटीकडून उचललेल्या

१. वह्या वेगळ्या करा. प्रत्येक कामाची विक्री, खर्च, अडकलेला पैसा आणि त्यावरचं व्याज वेगळं लिहा. व्याज लिहायचं विसरू नका, बहुतेक जण तिथेच चुकतात. पैसा बँकेचा नसून स्वतःचा असला तरी त्याला भाव लावा, कारण तो दुसरीकडे कमावू शकला असता.

२. दुसऱ्या वहीचं लक्ष्य 'कमी करणं' हे ठेवा. त्या दुकानदाराचं लक्ष्य काय असावं? सहा महिन्यांत येणं बाकी १८ लाखांवरून ६ लाखांवर. १२ लाख मोकळे झाले की व्याजाचेच महिन्याला १४,००० वाचतात. तोट्यातल्या कामाला 'यंदा वाढवू, मग फायद्यात येईल' हे औषध देऊ नका.

३. घाईत मोडू नका. सिटीने सगळं एका दिवसात विकायला काढलं असतं तर कवडीमोलाने गेलं असतं. काही विकलं, काही वसूल होऊ दिलं, काहींसाठी वर्षानुवर्षं थांबले. तुम्हीही उद्या सकाळी सगळ्या कॉन्ट्रॅक्टरांची उधारी तोडली तर जुनी बाकी बुडालीच समजा. नवा माल रोखीने किंवा अर्धे पैसे आधी, जुनी बाकी ठरलेल्या हप्त्यांत, जे वेळेवर देतात त्यांना थोडी सूट. टेम्पो विकण्याआधी बघा, एखादा ड्रायव्हर तो चालवायला घेऊन हप्ता भरायला तयार आहे का.

४. आवरायचं काम चांगल्या माणसाला द्या. सिटी होल्डिंग्जचे पहिले प्रमुख होते मायकेल कॉर्बॅट. नको असलेले धंदे आवरायचं, कोणालाच हौस नसलेलं काम त्यांनी केलं, आणि पंडितांनंतर सिटीचे सीईओ तेच झाले. आपल्याकडे वसुली सर्वांत कच्च्या पोराकडे असते. उलट करा. वसुलीला तुमचा सर्वांत शांत डोक्याचा, शब्दाला पक्का माणूस बसवा. बहुतेक वेळा ती घरची लक्ष्मीच असते आणि तिला सगळ्या बाकीदारांचे आकडे तोंडपाठ असतात.

नाण्याची दुसरी बाजू

नुसतं कौतुक केलं तर धडा अर्धा राहील. म्हणून तीन गोष्टी सांगतो.

एक, सिटीला वाटणी करायला वेळ मिळाला, कारण मागे सरकार उभं होतं. ते ४५ अब्ज आले नसते तर वाटणी करायला काही उरलं असतं का, असं विचारणारे जाणकार आहेत आणि त्यांचा मुद्दा खरा आहे. तुमच्या-माझ्या मागे कोणी नाही. म्हणून आपण ही वाटणी धंदा चालू असताना, हातात थोडी रोकड असतानाच करायची. बँकेची नोटीस आल्यावर नाही.

दोन, ज्यांनी आधी महागात शेअर घेतले होते, त्यांना बँक वाचली म्हणून पैसे परत मिळाले नाहीत. २०११ मध्ये सिटीने दहा शेअरचा एक शेअर केला, आकडा मोठा दिसू लागला, पण जुन्या भागधारकाचं नुकसान तसंच राहिलं. पंडितांचा स्वतःचा ओल्ड लेन फंडसुद्धा सिटीने विकत घेतल्यानंतर वर्षभरातच, २००८ मध्ये बंद झाला. जो माणूस दुसऱ्याच्या धंद्याचं नेमकं निदान करतो, त्याचा स्वतःचा डाव फसू शकतो.

तीन, काम केलं म्हणजे खुर्ची टिकते असं नाही. एप्रिल २०१२ मध्ये पंडितांच्या सुमारे दीड कोटी डॉलरच्या मोबदल्याविरुद्ध ५५ टक्के भागधारकांनी मत दिलं. १६ ऑक्टोबर २०१२ रोजी, तिमाही निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी पद सोडलं. पुढे २०१६ मध्ये त्यांनी ओरोजेन ग्रुप ही गुंतवणूक कंपनी काढली. तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती.

या क्षेत्रात यायचं असेल तर

कसारा-सीएसएमटी लोकलने रोज ये-जा करणारी, बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग करणारी मुलं विचारतात, "सर, आम्हाला जमेल का?" जमेल, पण रस्ता लांब आहे. साधारण वाट सीए किंवा फायनान्समधलं एमबीए अशी जाते, काही जण सीएफए करतात. सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम संस्थेची मर्चंट बँकिंगची परीक्षा आहे, ती द्या. २०१२ पासून आपल्या दोन्ही शेअर बाजारांत छोट्या कंपन्यांसाठी वेगळे एसएमई मंच आहेत, त्यामुळे काम आता फक्त बड्या उद्योगांपुरतं राहिलेलं नाही.

आणि सरावासाठी फार लांब जायची गरज नाही. वडिलांच्या, काकांच्या दुकानाच्या दोन वह्या करून दाखवा. कोणत्या धंद्यात पैसा अडकलाय, तो सोडवायला किती महिने लागतील, दुकान आज विकलं तर किती येतील, हे एका पानावर मांडा. इन्व्हेस्टमेंट बँकर रोज हेच करतो, फक्त त्याच्या आकड्यांना शून्यं जास्त असतात.

गृहपाठ

येत्या रविवारी दोन तास काढा. घरातलं जे माणूस हिशोबाला पक्कं आहे त्याला सोबत घ्या.

- तुमची सगळी कामं एकाखाली एक लिहा. मेहुण्यासाठी सुरू केलेलं, नाव व्हावं म्हणून चालू ठेवलेलं, सगळं.
- प्रत्येकासमोर चार आकडे : महिन्याची विक्री, खर्च, अडकलेली रक्कम, तिचं व्याज.
- मग प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा : हे आज माझ्याकडे नसतं, तर मी आज नव्याने सुरू केलं असतं का?
- उत्तर 'नाही' आलं की ते काम दुसऱ्या वहीत. त्यासमोर तारीख आणि लक्ष्य लिहा.

शेवटचा प्रश्न जड जातो, कारण त्या कामात आपली वर्षं गेलेली असतात आणि 'लोक काय म्हणतील' हेही असतं. लोकांचं राहू द्या. सीसीचं व्याज लोक भरत नाहीत, तुम्ही भरता.

पुढच्या व्हिडिओत येणं बाकी वसूल करताना संबंध कसे जपायचे, ते बघू. त्याआधी दोन्ही वह्या तयार हव्यात. भेटूया.